टाच न उचलता

रात्री अकराच्या सुमाराला दादरच्या फलाटावर सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये चढलो, तेव्हा पिशवीत आत्यासाठी गुडघ्याला चोळायचं तेल होतं आणि मनात एकच माणूस होता, सिनेमातले भगवानदादा. गाडी हलली. दादरच्या चाळींचे दिवे खिडकीतून मागं सरकू लागले. यातल्याच एका चाळीत, दोन खोल्यांच्या बिऱ्हाडात, ४ फेब्रुवारी २००२ रोजी भगवान आभाजी पालव गेले. वय ८८. जन्म १ ऑगस्ट १९१३, अमरावतीचा, हयात मुंबईतली. त्यांच्यासाठी सोलापूरला कशाला जायचं, असं कुणालाही वाटेल. पण कलावंताचं गाव एक असतं आणि त्याच्या प्रेक्षकांची गावं शंभर असतात. मला त्यातलं एक गाव बघायचं होतं.

निमित्त आत्याच्या फोनचं. महिन्यापूर्वी बोलता बोलता ती म्हणाली, "आप्पा कामावरून आले की भगवानचा नाच करायचे, ठाऊक आहे का तुला?" मला ठाऊक नव्हतं. आप्पा म्हणजे माझे आजोबा. मी पाहिलेले आप्पा खाटेवर बसून बिडी ओढायचे, आणि त्यांच्याशी बोलायचं तर कानाशी तोंड नेऊन ओरडावं लागायचं. सोलापूरच्या गिरणीत तीस वर्षं मागावर उभं राहून त्यांचे कान गेले होते. हा माणूस नाचायचा? हे फोनवर विचारून भागणार नव्हतं. तिकीट काढलं.

कुर्डुवाडीला चहावाल्याच्या हाळीनं जाग आली. मोहोळ मागं पडलं तोवर उजाडलं होतं. श्रावण सरत आलेला, पण आभाळ नुसतंच भरलेलं. रुळांच्या कडेला तूर गुडघाभर वाढली होती. सोलापूर जवळ आलं की लहानपणी आम्ही भावंडं गिरण्यांची धुराडी मोजायचो. या वेळी मोजायला फारसं काही उरलं नव्हतं.

आत्या दारातच उभी होती. "आलास होय? बस की. चहा टाकते बघ." वय ८१, गुडघे धरलेले, तरी स्वयंपाकघरातला तिचा ताबा सुटलेला नाही. शेंगांची चटणी करायला घेतली होती. भाजून सोललेले शेंगदाणे, लसूण, लाल तिखट, जिरं, मीठ, आणि समोर दगडी उखळ. मिक्सरला ती हात लावत नाही. "मिक्सरात भुकटी होती. कुटली की तेल सुटतं," ती म्हणाली. मुसळ मी हातात घेतलं. दहाबारा घाव बसले आणि खरंच दाण्यांचा रंग गडद झाला, कडेनं तेलाची लकेर दिसू लागली, चटणीचा गोळा उखळाला धरू लागला. मी कुटत होतो आणि ती सांगत होती.

"मी सातेक वर्षांची असेन. आप्पांची पहिली पाळी. घरी आले, अंघोळ केली, आणि मला खांद्यावर घेऊन निघाले. थेटरात ही गर्दी! पुढची बाकडी सगळी गिरणीवाल्यांची. गाणं लागलं की लोक उठून उभे. कुणी बाकड्यावर चढतोय, कुणी पडद्यावर पैसे फेकतोय. आप्पांनीपण एक ढब्बू फेकला. घरी येऊन मी आईला सांगितलं. आई आठ दिवस बोलली नाही त्यांच्याशी."

तो सिनेमा 'अलबेला'. साल १९५१. त्याच वर्षी राज कपूरचा 'आवारा' आला, गुरुदत्तचा 'बाजी' आला. दोघेही देखणे, दोघांच्या चित्रपटांवर आजही पुस्तकं लिहिली जातात. आणि त्यांच्या रांगेत हा तिसरा उभा होता. ठेंगणा, अंगानं गोल, गाल भरलेले, डोळे अर्धे मिटलेले. निर्माता तोच, दिग्दर्शक तोच, नायक तोच. नायिका गीता बाली, जी त्याच वर्षी 'बाजी'तही झळकली होती. गोष्ट प्यारेलाल नावाच्या गरीब पोराची. घरात बहिणीच्या लग्नाची चिंता, पोराला मात्र नाटकात नाव काढायचा ध्यास. घरच्यांचे बोल खाऊन तो बाहेर पडतो आणि रंगमंचावर मोठा होतो. ज्यांच्या स्वतःच्या घरी बहिणींची लग्नं अडली होती, त्या माणसांनी हा सिनेमा डोक्यावर घेतला.

"नाचायचे म्हणजे कसे?" मी विचारलं.

आत्यानं दोन्ही हात कोपरात वाकवले, मुठी सैल ठेवल्या आणि बसल्या जागी खांदे एकदा इकडं, एकदा तिकडं लवंडले. मान थोडी तिरकी झाली. डोळे अर्धे मिटले. एवढंच. पण त्या एवढ्यातच ते सगळं होतं. मी मुसळ खाली ठेवलं.

दुपारी एकटाच बाहेर पडलो. सोलापुरातल्या गिरण्यांची नावं आमच्या घरात नातेवाइकांसारखी घेतली जायची. जुनी गिरणी, म्हणजे १८७७ ची सोलापूर स्पिनिंग अँड वीव्हिंग, नरसिंग गिरजी, लक्ष्मी आणि विष्णू, जाम मिल. भोंगा झाला की गाव उठायचं, भोंगा झाला की जेवायचं. घड्याळ कुणाकडं नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. जुनी गिरणी स्वातंत्र्यानंतर फार वर्षं टिकली नाही. बाकीच्याही पुढं एकेक करत थांबल्या. आता भिंतींच्या आत झाडं वाढली आहेत, काही आवारांत नव्या इमारती आहेत. एका जुन्या फाटकाशी थांबलो. लोखंडी गजांना गंज चढलेला, बाजूला पाळीवाल्यांना आत सोडायची अरुंद वाट. एका वेळी एकच माणूस जाईल एवढी. आप्पा याच नाही तर अशाच वाटेनं रोज आत गेले असतील आणि आठ तासांनी कापसाच्या तंतूंनी पांढरे होऊन बाहेर आले असतील.

चौकात चार हुतात्म्यांचे पुतळे आहेत, मल्लप्पा धनशेट्टी, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन. मे १९३० मध्ये गांधीजींच्या अटकेची बातमी आली, सोलापूर रस्त्यावर उतरलं, गिरणी कामगार उतरले, गोळीबार झाला आणि सरकारनं शहरावर मार्शल लॉ लावला. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात या चौघांना फाशी दिलं. पुतळ्यांपुढं उभं राहिल्यावर एक गोष्ट लख्ख झाली. सोलापूरचे कामगार त्या रस्त्यांवर होते, साधारण त्याच दिवसांत मुंबईत गिरणी कामगाराचा एक पोरगा मूकपटात शिरत होता. 'बेवफा आशिक' हा त्याचा पहिला चित्रपट. शाळा जेमतेम, अंगमेहनतीची कामं केलेली, तालमीची आवड, आणि मास्टर विठ्ठल हे दैवत. हेच विठ्ठल पुढं पहिल्या भारतीय बोलपटाचे, 'आलम आरा'चे नायक झाले.

मूकपटाच्या शाळेत भगवानदादा शिकले, ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. तिथं शब्द नव्हते. हसवायचं तर भुवईनं, पोटानं, पडण्यानं, धावण्यानं. पुढं बोलपट आला, संवाद आले, पण या माणसाचं अंग बोलायचं थांबलं नाही. १९३८ साली चंद्रराव कदमांबरोबर त्यांनी 'बहादूर किसान' दिग्दर्शित केला आणि मग दहाएक वर्षं मारामारीच्या, धावपळीच्या, थोडक्या पैशांतल्या चित्रपटांचा रतीब घातला. १९४१ मध्ये तमिळमध्ये 'वनमोहिनी' केला. १९४२ मध्ये जागृती पिक्चर्स ही स्वतःची संस्था काढली, १९४७ मध्ये चेंबूरला जागृती स्टुडिओ उभारला. हे चित्रपट सुशिक्षितांनी पाहिले नाहीत, वृत्तपत्रांनी त्यांची दखल घेतली नाही. ते कामगारांनी पाहिले. मुंबईतल्या गिरणगावात आणि सोलापूरसारख्या गिरण्यांच्या गावात पुढच्या बाकड्यांवर बसून पाहिले. बारा वर्षं ज्यांच्यासाठी राबला, त्या प्रेक्षकांची नस या माणसाला आईच्या नाडीसारखी कळत होती. राज कपूरनं त्यांना एकदा सांगितलं की आता मारामारी पुरे, सामाजिक चित्रपट कर. त्यांनी तो केला, पण प्रेक्षक बदलला नाही. त्याच बाकड्यांवरच्या माणसासाठी केला.

'अलबेला'चं संगीत सी. रामचंद्रांचं. पुणतांब्याचे हे रामचंद्र चितळकर 'वनमोहिनी'तलेही सोबती. हिंदीत त्यांना संगीतकार म्हणून उभं केलं तेही भगवानदादांच्या १९४२ च्या 'सुखी जीवन'नं. 'अलबेला'त त्यांनी विलायती ठेके आणि लता मंगेशकरांचा आवाज एकत्र आणला, आणि भगवानदादांसाठी स्वतः चितळकर या नावानं गायले. संगीत क्लबातलं आणि नाच गणपतीच्या मिरवणुकीतला, असा तो मेळ होता. बँड विलायती वाजतोय आणि समोरचा माणूस गल्लीतल्या पोरासारखा डुलतोय. म्हणून ती गाणी थेटराबाहेर पडून गल्लीत आली.

संध्याकाळी डॉ. द्वारकानाथ कोटणीसांच्या स्मारकात गेलो. चीनमध्ये जखमींची सेवा करताना १९४२ मध्ये गेलेला हा सोलापूरचा डॉक्टर. व्ही. शांताराम यांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर चित्रपट काढला आणि कोटणीसांची भूमिका स्वतः केली. त्याच शांतारामबापूंनी १९५५ मध्ये 'झनक झनक पायल बाजे' केला. अस्सल कथ्थक, गोपीकृष्णासारखा नर्तक, पायांत शास्त्राचं सगळं वैभव. त्या चित्रपटात एका भूमिकेत भगवानदादाही आहेत. ज्यानं कुठल्याही गुरूपुढं घुंगरू बांधले नाहीत, तो माणूस नृत्याच्या त्या मोठ्या सोहळ्यात हजर आहे, हे मला योग्य वाटतं. नृत्याचे ते दोन्ही काठ आहेत.

'अलबेला'नंतरची कहाणी सगळ्यांना माहीत आहे, आणि बहुतेक जण तीच सांगतात. जुहूचा मोठा बंगला, आठवड्याच्या सात दिवसांना सात मोटारी. १९५३ चा 'झमेला' पुन्हा गीता बालीबरोबर, पण ती जादू परतली नाही. १९६६ चा 'लाबेला' पडला. बंगला गेला, मोटारी गेल्या, स्टुडिओ गेला. मग लहानलहान भूमिका. पार्टीच्या प्रसंगात, वरातीच्या गर्दीत एक म्हातारा दोन पावलं नाचून जातो, प्रेक्षक ओळखीनं हसतात, प्रसंग संपतो. २०१६ मध्ये शेखर सरतांडेल यांनी 'एक अलबेला' काढला, मंगेश देसाईंनी भगवानदादांची भूमिका केली, तेव्हा नव्या पिढीला हे नाव निदान ऐकू आलं.

ही पडझड खोटी नाही. पण एखाद्याचं आयुष्य त्याच्या पडझडीनंच सांगायचं, हे मला पटत नाही. गिरण्यांचंही आपण तेच करतो. बंद पडल्या एवढंच सांगतो. शंभर वर्षं त्यांनी कुणाला भाकरी दिली, कुणाच्या अंगावर कापड घातलं, हे सांगत नाही. भगवानदादांनी काय गमावलं याचा हिशेब पुष्कळांनी मांडला. त्यांनी दिलं काय, हे मला विचारायचं होतं. त्याचं उत्तर दुसऱ्या दिवशी संध्याकाळी, मी शोधत नसताना मिळालं.

आत्याचा नातू मला पूर्व भागात घेऊन गेला. हा सोलापूरचा विणकरांचा भाग. बरीच घरं पद्मशाली, घरात तेलुगू, रस्त्यावर मराठी, आणि दोन्हींत कन्नडचा शिडकावा. उंबऱ्यावर सूप मांडीवर घेऊन बायका विड्या वळत बसलेल्या. गल्लीगल्लीतून यंत्रमागाचा खडखडाट. चादरीचा माग चालू होता तिथं दारात उभा राहिलो. धोटा इकडून तिकडं जातो, फणी आपटते, ताणा वरखाली होतो. खट-खटक, खट-खटक. पाच मिनिटांत माझी मान त्या तालात हलू लागली आणि कानात दडे बसले. आप्पांनी हे तीस वर्षं ऐकलं.

तिथून जवळच एका मैदानात लेझीमचा सराव चालला होता. गणपती पंधरा दिवसांवर आलेले. सोलापूरची मिरवणूक लेझमीवर चालते, आणि इथल्या आजोबा गणपतीची परंपरा १८८५ ची सांगतात. गावाला तिचा अभिमान आहे. चाळीस-पन्नास पोरं रांगांत उभी. हलगी कडाडली, शिट्टी झाली आणि लाकडी दांड्यांवरच्या साखळ्यांतल्या चकत्या एकदम छनछनल्या. पाऊल पुढं, कंबरेत वाक, लेझीम खाली, मग मागं, मग गिरकी. तासभर असं चाललं. मग शिकवणाऱ्यानं सुट्टीची शिट्टी दिली, पण हलगीवाला थांबला नाही. त्यानं ठेका सैल केला आणि पोरं आपापली नाचू लागली.

आणि मी जागच्या जागी थिजलो. कोपरात वाकलेले हात, सैल मुठी, खांदे लवंडतायत, मान तिरकी, डोळे अर्धे मिटलेले. आदल्या दिवशी आत्यानं उखळाशेजारी बसून दाखवलं तेच.

शिकवणारा तरुण घाम पुसत बाजूला आला. दिवसा टॉवेलच्या कारखान्यात कामाला, संध्याकाळी इथं. त्याला विचारलं, "हा नाच कुणाचा?"

"गणपतीचा की काका. सगळेच करतात."

मी मोबाइलवर 'अलबेला'तलं गाणं लावलं. दहाबारा डोकी भोवती गोळा झाली. काळापांढरा पडदा, गीता बाली पाऱ्यासारखी, आणि शेजारी तो गोल माणूस. पहिल्यांदा पोरं हसली. मग हसायची थांबली. "परत लावा," एक जण म्हणाला. शिकवणाऱ्यानं मोबाइल स्वतःच्या हातात घेतला आणि पडद्याच्या खालच्या कडेला, पायांकडे बघत राहिला. तिसऱ्यांदा बघून झाल्यावर त्यानं मान वर केली.

"काका, याची टाच बघा. उचलतच नाही म्हणा ना. गुडघा मऊ ठेवतो आणि सगळं काम खांद्याकंबरेनं करतो. म्हणून दमत नाही हा. आम्ही पोरांना हेच सांगतो. मिरवणूक सहा-सात तासांची. पहिल्याच चौकात उड्या मारल्या की पुढं पाय चालत नाहीत. टाच खाली ठेवली की रात्रभर नाचता येतं." मग जरा थांबून त्यानं विचारलं, "नाव काय म्हणालात?"

मी नाव सांगितलं. अमरावतीचा जन्म सांगितला, गिरणी कामगाराचं घर सांगितलं, दादर सांगितलं. पोरांनी ऐकून घेतलं. हलगी पुन्हा सुरू झाली.

परतताना रिक्षात मी त्या टाचेचाच विचार करत होतो. नाच आपण नेहमी ताज्यातवान्या शरीराचा समजतो. त्याला वय लागतं, कमावलेलं अंग लागतं, शिकवणी लागते. भगवानदादांच्या नाचाला यातलं काही लागत नाही. पोट सुटलेलं चालतं, वय झालेलं चालतं, दिवसभर उभं राहून पोटऱ्या दगड झालेल्या असल्या तरी चालतं. दमलेल्या माणसाला आनंद झाला तर त्यानं तो कसा दाखवावा, याची रीत त्यांनी घालून दिली. बारा वर्षं कामगारांसाठी चित्रपट काढणाऱ्याला ते दमलेलं अंग आतून ठाऊक होतं. म्हणूनच पुढच्या बाकड्यांवरचा माणूस सिनेमा बघून घरी गेला आणि बायकापोरांसमोर न लाजता तसाच नाचला. पडद्यावरचा दुसरा कुठला नायक त्याला ते करू देत नव्हता.

घरी आलो तेव्हा आत्या खाटेवर बसून तेल चोळून घेत होती. मोबाइल तिच्यापुढं धरला. तिनं चष्मा लावला, बराच वेळ बघितलं. "थेटरात केवढा मोठा दिसायचा," म्हणाली. गाणं संपलं तेव्हा मी तिला लेझीमवाल्या पोराचं म्हणणं सांगितलं. विचारलं, "आप्पापण टाच न उचलताच नाचायचे का गं?"

"टाच कसली उचलणार रे ते? आठ तास उभं राहून पाय सुजलेले असायचे. आई गरम पाण्याची बादली ठेवायची मोरीत. त्यात पाय सोडून बसायचे आधी, आणि मग उठून नाचायचे. ओल्या पायानंच. फरशीवर पावलं उमटायची आणि मी ती पुसून काढायची."

ती खाटेचा कठडा धरून सावकाश उठली. भिंतीचा आधार घेतला, मग सोडला. हात कोपरात वाकवले. तेलानं चकाकणारे गुडघे जरासे मऊ झाले, खांदे इकडं लवंडले, तिकडं लवंडले. दोन्ही टाचा फरशीला टेकलेल्या होत्या.